सॉइल नेल आणि ग्राउंड अँकर: दिसायला सारखे, वागायला उलटे

डोंगर कापून काढलेल्या रस्त्याकडेला लोखंडी प्लेटा आणि त्यांवरच्या नटांच्या रांगा दिसल्या की बहुतेकजण सरसकट 'अँकर' म्हणतात. त्यांतल्या पुष्कळशा नेल असतात.

नेल म्हणजे २० ते ३२ मिमीची सळई. १०० ते १५० मिमीच्या, आत १०-१५ अंश उतरत्या छिद्रात ती ठेवून पूर्ण लांबीभर ग्राउट (सिमेंटचे पातळ मिश्रण) भरतात. ग्राउटची नळी छिद्राच्या तळापर्यंत न्यावीच लागते. तोंडाकडून ओतले तर आत पोकळी राहते. सळईत आधी ताण नसतो. माती सरकू लागते तेव्हाच ती ताणली जाते आणि धरते. म्हणजे १० मीटर उंच कापाचा माथा २०-३० मिमी पुढे येणार, हे धरूनच चालायचे. नट पान्याने कितीही आवळला तरी नेलचा अँकर होत नाही. तो ताण तोंडाजवळच ग्राउटमध्ये विरतो.

अँकरमध्ये बहुधा १५.२ मिमीचे सात-तारी स्ट्रँड (पोलादी तारांचे पीळदार दोर) असतात. घसरण-पृष्ठाच्या (माती जिथून सरकू शकते त्या पातळीच्या) पलीकडचा भाग ग्राउटने पकडलेला, अलीकडचा किमान ४.५ मीटर नळीत मोकळा. जॅकने ताणून वेजने (पाचरीने) लॉक केला की माती हलण्याआधीच दाब बसतो. माथ्यालगत घर किंवा जलवाहिनी असेल तर म्हणूनच अँकर घ्यावा. मोकळ्या भागाची नळी फाटून ग्राउट आत गेले तर ताण सरकत्या मातीतच मुरतो. जॅकवर स्ट्रँडची वाढ हिशेबापेक्षा कमी भरली की हीच शंका आधी घ्यावी. अँकर एकूणएक तपासतात, सहसा डिझाइन भाराच्या १३३ टक्क्यांपर्यंत. नेल मात्र साधारण ५ टक्केच.

उताराची स्थिरता मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही गफलत जास्त घातक ठरते. नेल 'अ‍ॅक्टिव्ह' (आधीच ताणलेली) म्हणून भरली तर तिचे बल सुरक्षा-गुणकाने (धरणारे बल भागिले घसरवणारे बल) भागले जात नाही, आणि गुणकाचा १.५ हा आकडा कागदावर फुकट मिळतो. नेल 'पॅसिव्ह'च, म्हणजे माती हलल्यावर ताण घेणारी, भरावी.

कोकणात आणखी एक पेच आहे. जांभ्याखालची लिथोमार्ज (खडक कुजून झालेली चिकणट) माती उन्हाळ्यात खडकासारखी वाटते, पण भिजली की तिची ताकद झपाट्याने उतरते. मे महिन्यात घेतलेली पुल-आउट चाचणी (नेल ओढून पकड मोजणे) जुलैतली पकड सांगत नाही. छिद्राभोवतीची माती भिजवून चाचणी घ्यावी. आणि शॉटक्रीटमागचे (उतारावर फवारलेल्या काँक्रीटमागचे) पाणी काढायला आडवे, जाळीदार निचरा-पाइप आत जाताना वरच्या दिशेला ५ ते १० अंश चढते घालावेत. ते नसतील तर दोन्हींपैकी काहीही बसवले तरी पाण्याचा दाब डिझाइनबाहेर जातो.