आजीच्या ओव्या, घरचा कूलर अन् नवीन ऑडॅसिटी

मे महिन्यात नागपुरात कोणाचंही रेकॉर्डिंग करायला बसा, दोन आवाज येतातच. एक माणसाचा अन् दुसरा कूलरचा. आमच्या महाल भागातल्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या असं दोन वर्षांपासून चाललं होतं, शेवटी या उन्हाळ्यात मुहूर्त लागला अन् पहिल्याच दिवशी भांडण, कारण मी म्हटलं आजी फक्त दहा मिनिटं कूलर बंद करतो, तर म्हणे "मले भाजून काढतं का रे?" पारा पंचेचाळीसच्या वर, तिचंही काही चूक नव्हतं. कूलर चालूच राहिला, ओव्या रेकॉर्ड झाल्या, आणि मग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी उघडली तर कळलं की मी पाच-सहा वर्षांपूर्वी जे वापरत होतो ते हे राहिलेलंच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑडॅसिटी हे आवाज रेकॉर्ड करायचं, कापायचं, जोडायचं फुकट सॉफ्टवेअर. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी अन् रॉजर डॅनेनबर्ग या दोघांनी ते सुरू केलं, २००० साली लोकांसाठी आलं. कोड उघडा, पैसे शून्य, त्यामुळे पॉडकास्टवाल्यापासून गॅदरिंगच्या डान्सचं गाणं कापणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या मशीनवर हे असतंच. २०२१ मध्ये म्यूझ ग्रुप नावाच्या कंपनीने ते घेतलं, आणि त्याच वर्षी प्रायव्हसी पॉलिसीवरून बराच कल्ला झाला, लोकं थेट स्पायवेअर, म्हणजे हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर, म्हणायला लागले, मग कंपनीने शब्द बदलले. ते प्रकरण मला फार चघळायचं नाही. त्यानंतर ३ नंबरच्या मालिकेत, म्हणजे २०२१ च्या ३.० पासून २०२४ च्या शेवटी आलेल्या ३.७ पर्यंत, आतून काय बदललं ते जास्त भारी आहे. बटनं नवीन आली, रंग बदलले, ते सगळं ठीक. खरा बदल हा की हे सॉफ्टवेअर पूर्वी आवाज कापायचं, आता बऱ्याच ठिकाणी फक्त "कापल्यासारखं दाखव" एवढं लक्षात ठेवतं.

म्हणजे काय, तर आधी आवाज कॉम्प्युटरमध्ये कसा बसतो ते बघू. माइकवर हवेचा दाब कमीजास्त होतो, कॉम्प्युटर त्याचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो अन् आकडा लिहून ठेवतो. एवढ्या वेळा काऊन? कारण माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आणि एखादी लहर नीट पकडायची तर तिच्या वारंवारितेच्या दुपटीपेक्षा जास्त वेळा माप घ्यावं लागतं. आजीची एक ओवी वीस सेकंदांची धरली तर ती आठ लाख ब्याऐंशी हजार आकड्यांची ओळ झाली. बस, एवढंच. आवाज एडिट करणं म्हणजे या आकड्यांशी खेळणं.

जुन्या ऑडॅसिटीत तुम्ही आवाज वाढवला की हे आकडेच बदलायचे. एको टाकला, आकडे बदलले. मग दोन दिवसांनी वाटलं एको जरा जास्त झाला, तर अनडू, अनडू, अनडू करत मागे जायचं, आणि मधात केलेलं बाकीचं चांगलं कामही त्यात जायचं. फाइल बंद करून परत उघडली असेल तर अनडू पण नाही, संपला विषय. भाजीत तिखट जास्त झालं तर ते वेचून काढता येत नाही ना, तसं.

२०२२ च्या ३.२ मध्ये रिअल टाइम इफेक्ट आले. आता ट्रॅकवर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत घुमल्यासारखा परिणाम, लावला तर मूळ आकड्यांना हात लागत नाही, सॉफ्टवेअर फक्त कृती लिहून ठेवतं, आणि तुम्ही प्ले दाबलं की त्या क्षणी आकडे वाचून, त्यावर गणित करून, थेट स्पीकरला पाठवतं. बटन बंद केलं की मूळ आवाज जसाच्या तसा. हे आधी का नव्हतं? मोठ्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये कधीचंच होतं हो, ऑडॅसिटीचा सांगाडाच जुना होता म्हणून इथं उशीर झाला. ३.६ मध्ये तर सगळ्या ट्रॅकवर मिळून एकच इफेक्ट लावायची मास्टर सोय पण आली.

पण या "हात न लावता" प्रकाराने माझी एकदा चांगलीच फजिती केली, ती सांगतोच. ३.१ पासून क्लिपची कड माउसने धरून आत ओढली की तेवढा भाग गायब होतो, आणि परत बाहेर ओढली की परत येतो. फार सोयीचं आहे. आजीने दोन ओव्यांच्या मधात आमच्या एका दूरच्या काकूंबद्दल चार मिनिटं मनमोकळं भाष्य केलं होतं, आता ते कशाबद्दल होतं ते सोडा. मी कड ओढून ते लपवलं अन् प्रोजेक्टची फाइलच पुण्याच्या मामेभावाला पाठवून दिली. त्याने सहज कड धरून ओढली. संध्याकाळी फोन, हसून हसून बोलता येत नव्हतं त्याला. तर लक्षात ठेवा, ट्रिम केलेला भाग प्रोजेक्टच्या पोटात तसाच असतो. बाहेर द्यायचं असेल तर एक्सपोर्ट करून एमपी३ किंवा वेव्ह द्या, त्यात फक्त ऐकू येणारंच जातं.

आणि प्रोजेक्टची फाइल पाठवता येते हेही नवीनच. ३.० च्या आधी एक छोटी फाइल अन् तिच्यासोबत एक फोल्डर असायचं, त्या फोल्डरमध्ये आवाजाचे जास्तीत जास्त एकेक एमबीचे तुकडे. एक तुकडा म्हणजे साधारण सहा सेकंद. तासभराच्या साध्या मोनो रेकॉर्डिंगचे सहाशेच्या आसपास तुकडे होतात, आणि लोकं काय करायचे, छोटी फाइलच पेनड्राइव्हवर घेऊन जायचे, फोल्डर घरी. अशी किती गॅदरिंगची गाणी ऐन वेळी उघडली नसतील देव जाणे. आता सगळं एकाच डेटाबेस फाइलमध्ये असतं, आणि तो डेटाबेस म्हणजे एसक्यूलाइट, तोच जो तुमच्या फोनमधल्या कित्येक ॲपच्या आत बसलेला आहे. एकच खबरदारी, प्रोजेक्ट उघडा असताना बाजूला अजून एक फाइल दिसते, तिच्या नावाच्या शेवटी वाल (wal) असं असतं, ती कचरा समजून उडवू नका, शेवटची कामं तिच्यातच असतात.

आता कूलर. कूलरच्या आवाजात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. पंप अन् मोटारीची घूंSSS, ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला बांधलेली, म्हणून ५०, १००, १५० अशा ठरलेल्या जागी दिसते. ट्रॅकचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वारंवारितेला कधी किती आवाज आहे त्याचं चित्र, उघडला तर खाली सरळ आडव्या रेषा, अगदी वहीच्या रुळासारख्या. दुसरं म्हणजे पात्याची हवा अन् वाळ्यावरून पडणारं पाणी, त्याला कुठलाच ठरलेला सूर नाही, ते सगळीकडे पसरलेलं धुकं. हे धुकंच जास्त छळतं.

नॉइज रिडक्शन, म्हणजे नको तो आवाज कमी करायची ऑडॅसिटीतली सोय, त्याचं काय करतं बघा. आधी तुम्ही त्याला फक्त कूलरच ऐकू येतो असा एखाद-दोन सेकंदाचा तुकडा दाखवता. ते त्याचे २,०४८ आकड्यांचे, म्हणजे साधारण ४६ मिलिसेकंदाचे घास घेतं, आणि प्रत्येक घासाचं फूरिये गणित करून त्याचे हजारभर बारीक पट्टे पाडतं, प्रत्येक पट्टा साडेएकवीस हर्ट्झचा. कुठल्या पट्ट्यात कूलर किती जोरात आहे हे लिहून घेतलं की झाली ओळखपरेड. मग अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक घासाच्या प्रत्येक पट्ट्याला एकच प्रश्न, तू कूलरपेक्षा जोरात आहेस का? असशील तर जा. नसशील तर दाबला. सीताबर्डी बाजाराच्या गर्दीत हजार दारं अन् प्रत्येक दारावर एक चौकीदार, असं समजा.

यात गोची कुठं होते, तर आजी बोलते तेव्हा दार उघडतं, आणि तिच्यासोबत त्या पट्ट्यातला कूलरही आत येतो, तो दिसत नाही कारण तिचा आवाज मोठा आहे. पण "स" अन् "श" हे आवाज मुळात हवेचेच, पाण्याच्या धुक्यासारखेच पसरट, त्यामुळे चौकीदार त्यांनाही कूलर समजून हाकलतो. मी पहिल्यांदा उत्साहात दाबायचा जोर २४ डेसिबल लावून दिला, कूलर साफ गेला, आणि आजी नळातून बोलून राहिली असं वाटायला लागलं, वरून मधात मधात काचेच्या बांगड्या किणकिणल्यासारखं काहीतरी. ते किणकिणणं म्हणजे चुकून उघडलेली एकटीदुकटी दारं.

आणि बाप्पा, गंमत अशी की एवढं सगळं रिअल टाइम झालं, पण हे नॉइज रिडक्शन मात्र अजून जुन्याच पद्धतीने चालतं, लावलं की आकडे बदलले! मला ज्याची सगळ्यात जास्त गरज तेच नेमकं राहिलं. यावर उपाय साधा, आधी ट्रॅकची कॉपी काढायची, मूळ ट्रॅक म्यूट करून ठेवायचा अन् प्रयोग कॉपीवर. इंटेलने दिलेले ओपनव्हिनो नावाचे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे तुकडे, वेगळे टाकले तर त्यात शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कने आवाज साफ करता येतो, गाणं अन् वाद्य वेगळं काढता येतं, आणि ते सगळं आपल्याच मशीनवर चालतं, नेटवर काही जात नाही. पण लॅपटॉप जुना असेल तर चहा ठेवून या तोवर.

३.६ चा नवीन कॉम्प्रेसर मात्र मला मनापासून आवडला. आजी ओवीची पहिली ओळ ठणठणीत म्हणते अन् शेवटाला येईपर्यंत आवाज खोल जातो. इथं सगळ्यात मोठा आवाज म्हणजे शून्य डेसिबल, त्याखालचे सगळे उणे; तर कॉम्प्रेसरला सांगायचं की उणे २० डेसिबलच्या वर जे जाईल त्याला चारास एक या हिशोबात दाब, म्हणजे एखादा शब्द उणे ८ ला पोचला, बारा डेसिबल वर, तर तो फक्त तीन वर ठेवायचा, उणे १७. मोठं लहान झालं की मग सगळंच थोडं वर उचलता येतं, अन् शेवटचे शब्द ऐकू येतात. पूर्वीही कॉम्प्रेसर होता, पण आंधळा, आता आवाज चालू असतानाच तो कुठं किती दाबतो ते आलेखावर सरकताना दिसतं. कॉम्प्रेशन म्हणजे काय हे मला पुस्तक वाचून नाही कळलं, तो आलेख बघून कळलं. फक्त एक, तो शेवटचे शब्द उचलतो तेव्हा कूलरही उचलतो, म्हणून क्रम आधी सफाई, मग हा.

वेळ ताणायची सोय ३.४ मध्ये आली. कॅसेटच्या जमान्यात सेल उतरले की गाणं हळू व्हायचं अन् गायकाचा आवाजही घोगरा व्हायचा, कारण गती अन् सूर एकाच दोरीला बांधलेले. ती गाठ सोडवायची युक्ती १९६६ सालची, बेल लॅब्जमध्ये फ्लॅनागन अन् गोल्डन यांनी मांडलेली. आवाजाचे एकमेकांवर चढलेले छोटे घास घ्यायचे, ते लांब लांब मांडायचे, अन् प्रत्येक पट्ट्याची लहर पुढच्या घासाशी नीट जुळेल असं फिरवून घ्यायचं. गाणाऱ्या गळ्यावर हे छान चालतं. काडीच्या फटक्यावर नाही, कारण फटका हा एका क्षणाचा असतो अन् तो घासभर पसरतो. ऑडॅसिटीत आता स्टाफपॅडवाल्यांचं अल्गोरिदम आहे, ते बरंच सांभाळून घेतं, तरी मी नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीतला ताशा दीडपट ताणला तर ताशाचा चिखल झाला.

तसं ते मारबतीचं रेकॉर्डिंग मुळातच वाया गेलेलं. माझी समजूत होती की ऑडॅसिटी ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे खूप मोठे आकडेही मावतील अशा पद्धतीत, काम करते, तर आवाज कितीही मोठा आला तरी वाचेल. अर्धं खरं आहे ते. सॉफ्टवेअरच्या आत तुम्ही आवाज मर्यादेबाहेर चढवला तर परत खाली आणता येतो. पण फोनचा माइकच ढोलासमोर भरून गेला असेल तर लहरीचं डोकं तिथंच छाटलं गेलं, नंतर ते कुठल्याच सॉफ्टवेअरला माहीत नसतं. "घेऊन जाय गे मारबत" म्हणत लोकं ओरडून राहिले अन् माझ्याकडे नुसती खरखर. या वर्षी चार पावलं मागे उभा राहणार.

ताल-मात्रांच्या रेघा अन् टेम्पो आपोआप ओळखणं हेही आलंय, झपतालासाठी ५/४ लावून अर्धं आवर्तन बसवता येतं, पण ओव्यांना ते काही कामाचं नाही, जातं जसं फिरेल तशी ओवी. व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज ज्या ओपस प्रकारात असतात ते आता सरळ उघडतं, याचा उपयोग मात्र रोज होतो. आणि ४ नंबरच्या आवृत्तीसाठी सगळा चेहराच क्यूटी नावाच्या दुसऱ्या पायावर नव्याने बांधायचं काम त्यांनी हातात घेतलं आहे.

आजीला मी दोन्ही आवृत्त्या ऐकवल्या, नळातली अन् कूलरमधली. दुसरीला तिने मान हलवली, म्हणे "हे आपल्या घरचं हाय, ते कोणाच्या घरचं आणलं?" मग मूळ ट्रॅकची अजून एक कॉपी काढली अन् नॉइज रिडक्शन ६ डेसिबलवर ठेवलं. कूलर निम्मा झाला, "श" वाचला. काकूंची चार मिनिटं वेगळ्या फाइलमध्ये आहेत, ती मी कोणाला पाठवलेली नाही.