२,४०० कॅलरी हा आकडा आला कुठून?

आहाराचा तक्ता करायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला : रोज किती कॅलरी लागतात? मोबाइलवरचं ॲप वय, उंची, वजन विचारतं आणि १,६९१ असा अगदी एककापर्यंतचा आकडा हातात देतं. तो पाळायला लागण्याआधी त्याची कुळकथा प्रत्येकाला माहीत असावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थांना ग्रॅममागे ४, स्निग्ध पदार्थांना ९, हा पाकिटांवरचा हिशेब अमेरिकेतल्या विल्बर ॲटवॉटर यांच्या प्रयोगांतून आला. स्वस्थ पडून असताना शरीर किती ऊर्जा खर्च करतं, याचं हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र १९१९ चं; १३६ पुरुष आणि १०३ स्त्रियांच्या मोजमापांवर बेतलेलं. आज जास्त वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र १९९० चं. दोन्हींतून निघते ती सरासरी.

या सरासरीवरून आपल्याकडे खरी खडाजंगी झाली ती गरीब कुणाला म्हणायचं यावरून. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २,२५० कॅलरींचा आधार घेऊन दारिद्र्यरेषा आखली. १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. पुढे १९७९ मध्ये योजना आयोगाच्या कार्यगटाने खेड्यांसाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० कॅलरी धरल्या, कारण खेड्यात अंगमेहनत जास्त.

याला हरकत घेतली पां. वा. सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरजसुद्धा दिवसागणिक, आठवड्यागणिक कमीजास्त होते आणि कमी मिळालं तर शरीर काही मर्यादेपर्यंत त्याच्याशी जुळवून घेतं. मग सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? दांडेकरांना हे पटलं नाही. गरिबीच्या प्रश्नावर मी दांडेकरांच्या बाजूने आहे : पोटाला कमी मिळालं की माणूस बसून राहतो, मुलांची वाढ खुंटते, आणि त्याला ‘जुळवून घेणं’ म्हणणं मला जड जातं. पण एकेका माणसाचं ताट आखताना सुखात्म्यांचा मुद्दा विसरून चालत नाही.

तज्ज्ञांचे आकडेही हलतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशींत बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीसाठी २०१० मध्ये १,९०० कॅलरी होत्या; २०२० मध्ये १,६६० झाल्या. बाईचं वजन तेच, काम तेच, आणि फरक २४० चा. म्हणजे सत्तरेक ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी.

वरचा १,६९१ हा आकडा चाळीस वर्षांच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या, ६० किलोच्या बाईचा आहे. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने १,२०८ येतात, त्यांना हालचालीसाठी १.४ ने गुणलं. तीच बाई रोज चालत बाजार करते, धुणं हाताने धुते म्हणून १.६ ने गुणलं, तर १,९३२. पुन्हा एका भाकरीचा फरक, आणि गुणक निवडला तो अंदाजाने. फोडणीत दोन चमचे तेल जास्त पडलं की आणखी ९० कॅलरी. म्हणून सूत्राचा आकडा धरून दोन-तीन आठवडे नेहमीसारखं जेवावं, सकाळी ठरल्या वेळी वजन लिहून ठेवावं आणि मग अर्धी भाकरी वाढवायची की कमी करायची ते त्या नोंदीवरून ठरवावं.