मेणात घालायचा धातूचा फोम: उघड्या छिद्रांचा की बंद छिद्रांचा?

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षं किंवा कांद्याच्या चकत्या सोलर ड्रायरमध्ये वाळवायच्या, तर ऊन उतरलं की काम थांबतं. म्हणून दिवसाची उष्णता पॅराफिन मेणात साठवतात. 50 ते 60 अंशांना वितळणारं मेण किलोमागे साधारण 200 किलोज्यूल उष्णता घेतं आणि गोठताना परत देतं. पण त्याची उष्मावाहकता (उष्णता पुढे नेण्याची क्षमता, वॉट प्रति मीटर-केल्विनमध्ये) जेमतेम 0.2 आणि तांब्याची 400 च्या आसपास! रात्री उष्णता ने-आण करणाऱ्या नळीलगतचं मेण आधी गोठतं, तोच थर आडवा येतो आणि पलीकडची उष्णता अडकून बसते. यावर उपाय म्हणजे मेणात सच्छिद्र धातू, म्हणजेच धातूचा फोम घालणं.

घोळ इथेच होतो. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत चौकशी करताना नुसतं ‘मेटल फोम’ म्हणू नका, कारण त्या नावाच्या वस्तू दोन आहेत.

उघड्या छिद्रांचा फोम वाळलेल्या घोसाळ्यातल्या जाळीसारखा असतो. 90-95 टक्के पोकळ, सगळी छिद्रं एकमेकांना जोडलेली. वितळलेलं मेण आरपार झिरपतं आणि धातूचे धागे त्याच्या कणाकणापर्यंत उष्णता पोचवतात. बंद छिद्रांच्या फोममध्ये वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये वायूचे बुडबुडे अडकवलेले असतात. धक्का शोषायला तो उत्तम, पण मेण त्यात शिरतच नाही.

ओळखायला सोपं आहे. तुकडा तोंडाशी धरून फुंका. पलीकडे हवा आली तर उघडा. किंवा पाण्यात टाका. ॲल्युमिनियमचा बंद फोम सहसा तरंगतो, उघडा पाणी पिऊन बुडतो.

फोममुळे उष्णतेचा साठा वाढतो, हाही गैरसमजच. उलट तो किंचित घटतो. 95 टक्के पोकळ तांब्याच्या फोमचा एक लिटर घेतला, तर मेण साधारण 850 ग्रॅम मावतं आणि तांबंच 450 ग्रॅम भरतं. वाढतो तो वेग. धागे सगळ्या दिशांना विखुरलेले, त्यामुळे ढोबळ हिशेबाने वाहकता 6-7 पर्यंत जाते, म्हणजे तीसेक पट. ॲल्युमिनियमचा फोम 3-4 पर्यंत नेतो, पण लिटरमागे वजन फक्त 135 ग्रॅम. ड्रायरसाठी मी तोच घेईन.

मेण भरताना आतली हवा ओढून काढा. वितळताना मेण दहाएक टक्के फुगतं, तेव्हा वर जागा ठेवा. आणि फोम नळीला नुसता टेकवू नका, ब्रेझिंग (वितळलेल्या धातूने सांधणं) करून घ्या. मधली केसाएवढी फटही उष्णता अडवते.