इंजिनियर

इंजिनियरला मराठीत अभियंता म्हणतात, पण बोलताना हा शब्द फारसा कोणी वापरत नाही, पाट्यांवर आणि नेमणूकपत्रात दिसतो तेवढाच. विज्ञान-गणितातलं जे माहीत आहे ते वापरून, हातात आहे तेवढ्या पैशात, वेळेत आणि सामानात नीट चालेल अशी वस्तू किंवा यंत्रणा उभी करायची, आणि ती कोसळली तर उत्तर द्यायला पुढे यायचं, हे त्याचं काम. यातला शेवटचा भाग व्याख्येत सहसा लिहीत नाहीत, पण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

शब्द मुळात लढाईतला. लॅटिनमध्ये 'इंजेनियम' म्हणजे कल्पकता, त्यावरून तट फोडायची यंत्रं बनवणाऱ्याला हे नाव पडलं. 18व्या शतकात जॉन स्मीटन (1759 साली एडिस्टनचं दीपगृह पूर्ण केलं तो) स्वतःला सिव्हिल इंजिनियर म्हणवून घ्यायला लागला, त्यातल्या सिव्हिलचा अर्थ एवढाच की लष्करातला नाही. पुढे मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, कम्प्युटर अशा शाखा फुटत गेल्या.

दिवसभर हे लोक करतात काय? शोध वगैरे क्वचित. बहुतेक वेळ जातो ड्रॉइंग तपासण्यात, टेस्टिंगमध्ये, ईमेल आणि मीटिंगांमध्ये, आणि एका प्रश्नात की किती मजबूत म्हणजे पुरेसं मजबूत. यासाठी 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' असतो. लिफ्टचे दोर लागतात त्याच्या 10 पटीच्या आसपास मजबूत ठेवतात, विमानाच्या सांगाड्याला मात्र नेहमीचा आकडा फक्त 1.5, कारण तिथे जास्त धातू घातला तर वजन वाढतं आणि मग माणसं आणि सामान न्यायला वावच उरत नाही. म्हणून विमानात कॅलक्युलेशन, टेस्टिंग आणि देखभाल जास्त काटेकोर ठेवावी लागते. कुठलीही वस्तू भक्कम करणं तसं सोपं, नेमकी पुरेल एवढी भक्कम करणं अवघड.

आणि छोटा बदल किती महागात पडतो बघा. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजेंसी हॉटेलात लॉबीवर वॉकवे (चालायचे पूल) टांगलेले होते, दुसऱ्या मजल्याचा वॉकवे बरोबर चौथ्याच्या खाली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून खालपर्यंत एकच लांब सळई होती आणि दोन्ही वॉकवे तिलाच आपापले लटकत होते, पण एवढ्या लांब सळईला आटे पाडत बसणं कटकटीचं म्हणून बांधताना तिचे दोन तुकडे केले, वरचा छतापासून चौथ्यापर्यंत, खालचा चौथ्यापासून दुसऱ्यापर्यंत. कागदावर फरक दिसतही नाही. म्हणजे दोघं जण एकाच दोराला लटकलेत, आणि मग खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तसं. चौथ्या मजल्याच्या वॉकवेच्या तुळईखालच्या नटवर दुप्पट लोड आला आणि नव्याने गणित कोणी केलंच नाही (मूळ डिझाईनही नियमात बसत नव्हतं, ही वेगळी गोष्ट). 17 जुलै 1981 ला दोन्ही वॉकवे कोसळले, 114 माणसं गेली, जबाबदार इंजिनियरांचं लायसन्स गेलं.

1999 मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान तर एककांच्या घोळात गेलं, एका सॉफ्टवेअरने पाउंडात आकडे दिले, दुसरीकडे ते न्यूटनमधले समजून वापरले. शाळेत मार्क कापतात ती चूक!

मग या करिअरमध्ये यावं का? कॉलेजात शिकलेलं सगळं नोकरीत लागत नाही, पण मोठा प्रॉब्लेम फोडून छोटे तुकडे करायची सवय लागते आणि ती कुठेही चालते, म्हणून इंजिनियर झालेली माणसं पुढे फायनान्समध्ये, मॅनेजमेंटमध्ये, शिकवण्यात गेलेली दिसतात. शिवाय आपण काढलेल्या रेघेवरून खरोखर पाणी वाहतं, माणसं चालतात, ते बघायला मिळणं ही मजा वेगळीच. पण फक्त पगारासाठी येत असाल तर पहिली काही वर्षं जड जातात, कारण नवीन माणसाला नवं डिझाईन कोणी लगेच देत नाही, दुसऱ्याने आधी केलेलं तपासायला देतात. गणितात फार हुशार नसलात तरी चालून जातं. आपला हिशोब चुकला असेल का ही शंका ज्याला येतच नाही, त्याचं मात्र इथे अवघड आहे.