सर्जिकल मास्क की एन९५? वृद्धांच्या केअर सेंटरमध्ये कधी काय घालायचं

बऱ्याच स्टाफला वाटतं की एन९५ म्हणजे सर्जिकल मास्कच, फक्त जाड आणि महाग. तसं नाहीये, दोघांचं काम वेगळं आहे आणि हे नीट कळलं नाही तर आजी-आजोबा पण अडचणीत येतात आणि आपण पण.

सर्जिकल मास्क मुख्यतः समोरच्यासाठी. आपण बोलतो, खोकतो तेव्हा उडणारे थेंब तो अडवतो, जखम धुताना शिंतोडे उडतात त्यापासून आपलं नाकतोंड पण वाचवतो. पण गालापाशी फट राहतेच, श्वास घेतला की हवा तिथून सरळ आत येते.

एन९५ मध्ये ती फटच राहू द्यायची नसते. साधारण ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, जे पकडायला सगळ्यात अवघड, त्यातले पण किमान ९५ टक्के हे फिल्टर टेस्टमध्ये अडवतं. पण हवा फिल्टरमधूनच गेली तर ना! दाढी असेल तर सील होत नाही. आत सर्जिकल मास्क घालून वरून एन९५ चढवला तरी सील गेलं, आणि हे डबल सेफ्टी म्हणून सर्रास करतात. खालचा पट्टा मानेवर न घेता हनुवटीखाली लोंबत ठेवणं तर रोजचंच. दर वेळी घातल्यावर दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडून बघा, डोळ्यांकडे हवा लागली तर नाकावरची पट्टी परत दाबून बसवा. धुवायचा अजिबात नाही, फिल्टरमधला विद्युतभार जातो आणि कण पकडायची ताकद कमी होते.

मग कधी काय? एखाद्या आजोबांना टीबीचा संशय, कोविड, गोवर असेल तर त्यांच्या खोलीत जाणाऱ्याने एन९५ घालायचा. आणि त्याच आजोबांना एक्सरेला न्यायचं असेल तर त्यांना मात्र सर्जिकल मास्क, कारण तिथे त्यांचा खोकला अडवायचाय आणि आधीच दम लागलेल्या माणसाला एन९५ मधून श्वास घ्यायला लावणं मला तरी बरोबर वाटत नाही. साध्या फ्लूला रोजच्या कामासाठी सर्जिकल मास्क चालतो. जुलाब-उलट्यांची साथ आली तर एन९५ पेक्षा ग्लोव्ह्ज, गाऊन आणि साबणाने हात धुणं जास्त कामाचं, उलटी साफ करताना सर्जिकल मास्क लावा. व्हॉल्व्हवाला एन९५ शक्यतो टाळा, त्यातून आपला श्वास न गाळता बाहेर पडतो, म्हणजे सर्दी आपल्याला आणि धोका बेडवरच्या आजींना.

काढताना आधी ग्लोव्ह्ज, मग गाऊन. एन९५ सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर येऊन दार लावल्यावर, पुढून हात न लावता आधी खालचा पट्टा मग वरचा, आणि लगेच हात स्वच्छ करायचे.