सुकन्या समृद्धी आणि लेक लाडकी: मुलीच्या नावाने सरकार कोणाला काय देते?

महाराष्ट्रात घरी मुलगी जन्माला आली की दोन सल्ले हमखास मिळतात. पोस्टात सुकन्याचे खाते काढा आणि अंगणवाडीत लेक लाडकीचा अर्ज भरा. दोन्ही सरकारी, दोन्ही मुलीसाठी, दोन्हींत 18 वर्षांची अट. म्हणून पुष्कळ घरांत या दोन्हींची सरमिसळ होते. सुकन्यात पैसे भरणाऱ्याला वाटते की आपल्याला 75 हजार मिळणार आहेत, आणि लेक लाडकीचा अर्ज केलेल्या आईला वाटते की आता दर वर्षी काहीतरी भरावे लागेल. दोन्ही समज चुकीचे आहेत.

सुकन्या समृद्धी ही केंद्र सरकारची बचत योजना आहे. 22 जानेवारी 2015 रोजी पानिपतला ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’सोबत ती सुरू झाली. मुलगी 10 वर्षांची होण्याआधी पोस्टात किंवा बँकेत खाते काढायचे, वर्षाला किमान 250 आणि जास्तीत जास्त 1,50,000 रुपये भरायचे, तेही 15 वर्षे. खाते काढल्यापासून 21 वर्षांनी पूर्ण रक्कम हाती येते. मुलगी 18 वर्षांची झाली किंवा दहावी पास झाली की शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीपैकी निम्म्यापर्यंत पैसे काढता येतात. पैसे सगळे आपले. सरकार देते ते चांगले व्याज (जानेवारी 2024 मध्ये ते 8.2 टक्के झाले) आणि करातली सवलत.

लेक लाडकी ही राज्य सरकारची योजना आहे. इथे घरातून एक रुपयाही भरायचा नाही. 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर, जन्मानंतर 5,000, पहिलीत गेल्यावर 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि 18 वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000 असे मिळून 1,01,000 रुपये थेट खात्यात येतात. अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. एकीत नाव घातले म्हणून दुसरीतून नाव कटत नाही.

इथवरचा फरक कोणीही सांगेल. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो सरकारच्या तिजोरीतून जाणाऱ्या पैशाचा. लेक लाडकीत तो दिसतो, सुकन्यात दिसत नाही, आणि न दिसणारा पैसा कितीतरी मोठा असू शकतो.

जुन्या करपद्धतीत 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या बापाने सुकन्यात वर्षाला 1,50,000 रुपये भरले, तर उपकर धरून त्याचा 46,800 रुपये कर वाचू शकतो. 20 टक्क्यांच्या टप्प्यात 31,200. ज्याला करच लागत नाही त्याचा शून्य. पीएफ, विमा, घरकर्जाची मुद्दल हे सगळे त्याच दीड लाखाच्या मर्यादेत बसते, त्यामुळे प्रत्येकाला एवढा फायदा होत नाही हे खरे, आणि नव्या करपद्धतीत ही वजावटच नाही. पण व्याज दोन्ही पद्धतींत करमुक्त आहे. 8.2 टक्के दर शेवटपर्यंत टिकला असे धरून हिशेब करा. दर वर्षीच्या सुरुवातीला दीड लाख भरणाऱ्याचे 22.5 लाखांचे जवळपास 72 लाख होतात. म्हणजे 49 लाखांहून अधिक व्याजावर एक पैसा कर नाही. दर वर्षी 250 रुपये भरणाऱ्या शेतमजूर बाईचे 3,750 रुपयांचे होतात सुमारे 12 हजार. योजना एकच, दर एकच, दोघांच्याही मुलीच, पण सरकारचा हात ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्याकडे जास्त वळला.

करातून दिलेल्या सवलतीचा हा स्वभावच आहे. खर्च म्हणून अर्थसंकल्पात ती डोळ्यांत भरत नाही, त्यामुळे तिला कोणी ‘फुकटची खिरापत’ म्हणत नाही. तो शब्द राखून ठेवलेला असतो लेक लाडकीसारख्या योजनांसाठी.

कागदपत्रांचेही तसेच. सुकन्याला मुलीचा जन्मदाखला, पालकाचे आधार आणि पॅन, दोन फोटो, की काम झाले. लेक लाडकीला जन्मदाखला, आईवडिलांचे आधार, पासबुकाचे पहिले पान, रेशनकार्ड आणि त्याशिवाय तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, वर्षाला 1 लाखाच्या आतला. पुढच्या हप्त्यांना शाळेचे बोनाफाईड. पहिल्या मुलीच्या तिसऱ्या हप्त्याला आणि दुसऱ्या मुलीच्या दुसऱ्या हप्त्याला कुटुंब नियोजनाचे प्रमाणपत्र. सुकन्यातही साधारणपणे घरातल्या दोनच मुलींची खाती निघतात, पण तिथे आईबापाला असले प्रमाणपत्र कोणी मागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 होता, म्हणजे एका बाईमागे सरासरी दोनपेक्षाही कमी मुले. तरीही सहावीतल्या पोरीचे 7,000 रुपये तिच्या आईबापाच्या त्या कागदावर अडकावेत हे मला मुळीच पटत नाही. मुलीने कितव्या नंबरावर जन्माला यायचे हे काही ती ठरवत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. सुकन्यातली रक्कम व्याजाने वाढते, लेक लाडकीचे आकडे मात्र जागच्या जागी आहेत. वर्षाला 5 टक्के महागाई धरली, तर 18 वर्षांनंतरच्या 75,000 रुपयांत आजच्या साधारण 31 हजारांइतकेच सामान येईल. श्रीमंताच्या मुलीची सवलत चक्रवाढीने फुगते आणि गरिबाच्या मुलीचा हप्ता वर्षागणिक झिजतो.

मग मधल्यांचे काय? वर्षाला 1 लाख म्हणजे महिन्याला 8,333 रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे. महिना 14 हजारांवर काम करणारा सोसायटीचा वॉचमन लेक लाडकीत बसत नाही. त्याला करही लागत नाही, म्हणून करसवलत निरुपयोगी. 2025-26 पासून नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या पगाराला करच नाही, तेव्हा हा मधला पट्टा आणखी रुंद झाला. रिक्षावाला, दुकानातली कामगार, खासगी शाळेतली शिक्षिका, हातगाडीवर भाजी विकणारे जोडपे: मूल वाढवण्याचा भार यांच्यावर सगळ्यांत जास्त, आणि मुलीच्या नावाने यांना मिळते ते फक्त सुकन्याचे व्याज, तेही काही शिल्लक टाकता आली तर.

मुले असलेल्या घरांना सरकारने झुकते माप द्यावे का, असे विचारले तर माझे उत्तर हो असे आहे. मूल वाढवताना झळ आईबापाला बसते, पण तेच मूल पुढे नर्स होते, वीज दुरुस्त करते, कर भरते, आणि ज्यांना मुले नाहीत त्यांच्या म्हातारपणीही तेच उपयोगी पडते. फक्त हे माप मुलाकडे पाहून द्यावे, बापाच्या कराच्या टप्प्याकडे पाहून नव्हे.

अमेरिकेत 2021 साली हे करून पाहिले गेले. तिथे मुलामागे करात सूट आधीपासून होती, पण ज्यांची कमाई अगदी तुटपुंजी त्यांना ती पुरती मिळत नसे. त्या एका वर्षासाठी 6 वर्षांखालच्या मुलामागे 3,600 डॉलर आणि 6 ते 17 वयाच्या मुलामागे 3,000 डॉलर केले, कमाई शून्य असली तरी पूर्ण द्यायचे ठरले, आणि निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात टाकली. तिथल्या जनगणना विभागाच्या दारिद्र्याच्या पूरक मोजमापानुसार (त्यात सरकारी मदतही उत्पन्नात धरतात) 2021 मध्ये बालदारिद्र्य 5.2 टक्क्यांवर उतरले. तरतूद संपली आणि 2022 मध्ये ते 12.4 टक्क्यांवर गेले. कोविडकाळातली इतर मदतही तेव्हाच थांबली होती, पण मुलांसाठीच्या या पैशाचा वाटा त्यात मोठा होता.

आपल्याकडे एवढी उडी लगेच मारा असे मी म्हणत नाही. पण लेक लाडकीचे हप्ते महागाईशी जोडणे, 1 लाखाची मर्यादा निदान किमान वेतनावर राबणाऱ्या कुटुंबापर्यंत नेणे आणि कुटुंब नियोजनाची अट काढून टाकणे ही तीन कामे राज्य सरकारच्या हातातली आहेत. त्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागत नाही.