बास्क मुलखात कॅमेरा रस्त्यावर उतरला, तो उशिराच

३१ ऑगस्ट १८३९ रोजी स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क मुलखात, बेर्गारा इथे, कार्लिस्टांचा (स्पेनच्या गादीवर राणीऐवजी तिचा काका कार्लोस हवा म्हणणाऱ्यांचा) सेनापती मारोतो आणि राणीच्या बाजूचा एस्पार्तेरो यांनी गळाभेट घेतली. बास्क मुलखातलं पहिलं कार्लिस्ट युद्ध तिथे मिटलं. बाराच दिवसांपूर्वी पॅरिसमध्ये दागेरोटाइपचं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याचं, तंत्र जाहीर झालं होतं. त्या गळाभेटीची चित्रं पुष्कळ आहेत. फोटो अर्थातच नाही.

कॅमेरा या भागात आला तो बड्या लोकांच्या मागोमाग. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन आणि सम्राज्ञी युजेनी बियारित्झच्या किनाऱ्यावर उन्हाळा घालवू लागले, १८६४ मध्ये माद्रिदहून सीमेवरच्या इरुनपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली; मग नवे पूल, समुद्रकिनारे टिपले गेले. शेतकरी कुठे दिसलाच तर स्टुडिओतल्या पडद्यापुढे, ठेवणीतल्या कपड्यांत, ताठ उभा.

यात अडचण तंत्राचीही होती. १८५१ पासूनच्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन ओतायचं आणि ते ओलं असतानाच फोटो काढून काच धुवायची. हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. अंधारा तंबू बरोबर वागवत मासळी बाजारात कोण शिरणार? १८८० च्या आसपास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या, तेव्हा कुठे हे जमलं.

ते फार सुरेख जमवलं बिल्बाओच्या एउलालिया आबाइतुआ (१८५३–१९४३) यांनी. घर श्रीमंत, नवऱ्याच्या घराण्याचे लिव्हरपूलशी जहाजधंद्याचे संबंध. तिसऱ्या कार्लिस्ट युद्धात (१८७२–७६) हे कुटुंब तिकडे गेलं आणि तिथेच त्या फोटोग्राफी शिकल्या. परत आल्यावर बेगोन्याच्या चर्चजवळच्या घरातून कॅमेरा घेऊन त्या बाहेर पडत.

त्यांच्या फोटोंत कोण दिसतं? बिल्बाओजवळच्या सांतुर्त्सी गावच्या सार्डिन मासे विकणाऱ्या, दूधवाल्या, नेर्विओन नदीच्या धक्क्यावर माल वाहणाऱ्या हमाल बाया. डोक्यावर कापडाची चुंबळ (आपल्याकडची तीच), तिच्यावर टोपली. बिल्बाओचं लोखंडखनिज तेव्हा बोटी भरभरून इंग्लंडला जात होतं आणि धक्क्यावरची ओझी या बायकांच्या डोक्यांवरून हलत होती. आबाइतुआबाई स्वतः बोटवाल्यांच्या घरातल्या, हे विसरून ते फोटो पाहता येत नाहीत. तरी स्टुडिओतला ताठपणा त्यांत नाही, एवढं खरं.

त्या जोडचित्रं काढत: एकाच काचेवर दोन प्रतिमा, स्टीरिओस्कोपला डोळे लावले की दृश्याला खोली येते. आज त्या काचा बिल्बाओच्या बास्क संग्रहालयात आहेत. छापलेल्या पुस्तकात मात्र बहुधा जोडीतलं एकच चित्र येतं, आणि टोपली पुन्हा सपाट होते.